धक्क्याला कुठला बोल्ट? खाऱ्या पाण्यात टिकणारे खिळे, बोल्ट आणि स्क्रू कसे निवडावेत

गोव्यातल्या चोडणला एका ओळखीच्यांच्या घरामागचा लाकडी धक्का आम्ही उकलायला घेतला होता. सहा-सात वर्षांपूर्वी मीच बांधलेला. वरून बघितलं तर बोल्ट अगदी झकास, डोकं चकचकीत, नटही चकचकीत. खालच्या तुळईच्या बोल्टाला पाना लावला, जरासा जोर दिला आणि डोकं तुटून हातात आलं. उरलेला तुकडा ठोकून बाहेर काढला, तर 16 मिलिमीटरचा बोल्ट मधोमध पेन्सिलीएवढा उरलेला. दोन्ही टोकांना पूर्ण जाड, पण खांब आणि तुळई एकमेकांना टेकतात नेमक्या तिथे कुरतडलेला. माल खोटा नव्हता. 316 ग्रेडचं स्टेनलेस, बिल घेऊन आणलेलं. चूक माझी होती, तो बोल्ट मी त्या जागी घालायला नको होता.

त्यानंतर मी पद्धत बदलली. आधी जागा बघतो, मग धातू ठरवतो आणि दुकानात सगळ्यात शेवटी जातो. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. घरामागची छोटी जेटी, होडी बांधायचा धक्का, खाडीकाठच्या गेस्ट हाऊसचा लाकडी डेक अशी कामं डोळ्यांसमोर आहेत. कॅप्टन ऑफ पोर्ट्स आणि किनारपट्टी प्राधिकरणाच्या परवानग्या हा वेगळा विषय, तो इथे घेत नाही. पण त्या हातात आल्याशिवाय सामान खरेदी करू नका.

आधी खांबावर रेघा मारा

अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, धक्क्यावर दोनदा जा. भरती पूर्ण भरलेली असताना एकदा आणि ओहोटी तळाला गेली की एकदा. दोन्ही वेळी खांबावर रेघ मारा. आपल्या किनाऱ्यावर उधाणाला वरची रेघ आणि खालची रेघ यांत सव्वादोन मीटरच्या आसपास अंतर पडतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, साधारण एक मीटर. जुना खांब असेल तर वरची रेघ शोधावीही लागत नाही, कालवं आणि शिंपल्या जिथपर्यंत चिकटलेल्या दिसतात तिथून ती फार लांब नसते.

या दोन रेघांमुळे धक्क्याचे पट्टे पडतात. भरतीच्या रेघेच्या वर मीटर-दीड मीटर शिंतोड्यांचा पट्टा. त्याच्याही वर फक्त खारा वारा. दोन रेघांच्या मध्ये दिवसातून दोनदा बुडणारा आणि दोनदा उघडा पडणारा भाग. खालच्या रेघेखाली कायमचं पाणी आणि तळाशी चिखल. प्रत्येक पट्ट्यात गंज वेगळ्या कारणाने चढतो. एकच पेटी बोल्ट आणून वरपासून खालपर्यंत ठोकत गेलात, तर कुठल्या तरी पट्ट्यात तो हमखास दगा देणार.

साध्या लोखंडाला पाणी, मीठ आणि हवेतला ऑक्सिजन तिन्ही एकत्र मिळाले की ते गंजतं. शिंतोड्यांच्या पट्ट्यात तिन्ही भरपूर असतात आणि पृष्ठभाग कधी नीट वाळत नाही, म्हणून लोखंड तिथे सगळ्यात लवकर संपतं. कायम पाण्याखाली ऑक्सिजन कमी मिळतो, तिथे ते वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटरने झिजतं. शिंतोड्यांत त्याच्या कितीतरी पट.

स्टेनलेसचा स्वभाव नेमका उलटा. त्यातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन वर एक अतिशय पातळ थर बसतो, तोच त्याचं कवच. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळाला की थर पुन्हा जमतो. पण बोल्ट ओल्या लाकडात गाडलेला, वायसरखाली दाबलेला किंवा कालवांच्या थराखाली झाकलेला असेल, तर तिथल्या चिंचोळ्या फटीत ऑक्सिजन संपतो, मीठ साठत जातं, आम्लता वाढते आणि कवच फुटतं ते परत जमत नाही. याला फटीतला गंज म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही. चोडणच्या बोल्टाचं हेच झालं होतं.

आत गंजलेलं वरून न दिसणं किती महाग पडतं, हे गोव्यात वेगळं सांगायला नको. मांडवीवरचा नेहरू पूल 1986च्या जुलैत कोसळला, तो काँक्रीटच्या आत ताणलेल्या पोलादी तारा गंजल्यामुळे. 1992 साली नवा पूल होईपर्यंत लोक फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. आपला धक्का लहान, पण तत्त्व तेच.

बाजारात मिळतं काय

दुकानात “एस.एस.चा बोल्ट द्या” म्हणालात, तर तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी काहीही हातात पडू शकतं.

पहिलं म्हणजे 202. यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त. रेलिंगच्या पाइपांत सर्रास वापरतात. खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात चहाच्या रंगाचे डाग आणि दोन-तीन वर्षांत खड्डे. धक्क्यासाठी हे बादच. 304 म्हणजे सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. घरातल्या भांड्यांना उत्तम, समुद्राकाठी जेमतेम. 316 मध्ये या दोघांबरोबर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठातल्या क्लोराइडशी झुंज देतं ते हेच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जवळपास 19 ग्रॅम क्लोराइड असतं, तेव्हा या दोन टक्क्यांची किंमत कळते. तरीही 316 ला अमरत्व मिळालेलं नाही, वर सांगितलेली फट त्यालाही खाते. ड्युप्लेक्स 2205 त्याहून बरंच सरस, पण त्याचे बोल्ट मापात आणि वेळेत मिळणं कठीण. घरगुती कामासाठी मी तो नाद सोडला आहे.

दुसरी जात जस्ताच्या मुलाम्याची, म्हणजे बोलीत “जीआय”. इथे सगळ्यात मोठी फसगत होते. विजेने चढवलेला जस्ताचा थर साधारण 5 ते 8 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. बोल्ट चांदीसारखा किंवा पिवळसर चमकतो आणि देखणा दिसतो. साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या जाड बोल्टावर सरासरी 50 मायक्रॉनच्या आसपास थर बसतो. तो राखाडी, निस्तेज, जरा खरखरीत दिसतो, आट्यांत कधी जस्ताचा थेंबही अडकलेला असतो. समुद्राकाठच्या कडक हवेत जस्त वर्षाला साधारण 4 ते 8 मायक्रॉन झिजतं. मग हिशेब सोपा आहे: कुरूप बोल्ट सहा ते बारा वर्षं, देखणा एक ते दोन. शिंतोड्यांत हे आकडे अजून खाली येतात. स्प्रेच्या डब्यातून मारतात ते “कोल्ड गॅल्व्हनाइज” म्हणजे जस्ताचा रंग. ओरखडे झाकायला ठीक, बुडवलेल्या मुलाम्याची जागा तो घेत नाही.

पितळ धक्क्यावर आणूच नका. पितळातलं जस्त खारं पाणी हळूहळू ओढून नेतं आणि मागे उरतं ते गुलाबीसर, पोकळ तांबं. स्क्रू दिसतो अख्खा, पण पेचकस लावला की भुगा. सिलिकॉन ब्राँझची गोष्ट निराळी. सुमारे 97 टक्के तांबं, 3 टक्के सिलिकॉन आणि जस्त जवळपास नाहीच. लाकडी होड्यांना जगभर हेच वापरतात, पाण्याखालच्या ओल्या लाकडात ते स्टेनलेसपेक्षा भरवशाचं. महाग आहे, मागवावं लागतं आणि पोलादापेक्षा मऊ असल्याने घट्ट करताना हात सांभाळावा लागतो.

पट्ट्याप्रमाणे निवड

डेकच्या फळ्या, कठडे, दोर बांधायच्या खुंट्या असं वरच्या पट्ट्यातलं सगळं 316 मध्ये करा. इथे बोल्टाला हवा मिळते, पाऊस मीठ धुऊन नेतो, आणि अनवाणी चालणाऱ्या पोरांच्या पायाखाली गंजलेलं डोकं येत नाही. एक उलटी वाटणारी गोष्ट मात्र लक्षात ठेवा. छपराखालचा, पाऊस न लागणारा बोल्ट उघड्यावरच्या बोल्टापेक्षा आधी डागाळतो. मीठ येऊन बसतं, ते धुवायला कोणी नसतं. अशा जागी महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाइप मारायचा.

शिंतोड्यांच्या पट्ट्यात जिथे बोल्ट दोन्ही बाजूंनी उघडा आहे आणि धातूवर धातू बसतो, तिथेही 316. लाकडाच्या जाड तुळईतून आरपार जाणाऱ्या मोठ्या बोल्टांना मात्र मी आता बुडवून मुलामा दिलेलं जाड पोलादच वापरतो, तेही एक माप वरचं. 16 चालला असता तिथे 20. वरची जस्ताची साल गेली तरी आत झिजायला लोखंड शिल्लक राहतं, आणि ते गंजतं तेव्हा तांबडे ओघळ सोडून ओरडून सांगतं. स्टेनलेस न सांगता जातं.

भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातही हेच सूत्र, आणि खिशाला झेपलं तर सिलिकॉन ब्राँझ.

कायम पाण्याखाली शक्यतो जोडच ठेवू नका. खांब अखंड घ्या, आडव्या-तिरक्या पट्ट्या ओहोटीच्या रेघेच्या वर आणा. नाइलाज असेल तर मुलाम्याचे जाड बोल्ट घाला. धातूचा सांगाडा असेल तर त्याला बळीचा तुकडा जोडा. हा तुकडा स्वतः झिजून बाकीचं लोखंड वाचवतो. गोव्यापुरती एक गोम आहे: जस्ताचा तुकडा खऱ्या खाऱ्या पाण्यात काम करतो, पण पावसाळ्यात मांडवी-झुआरी गोड्या पाण्याने भरून वाहतात. मांडवीत भरती-ओहोटी आत साधारण 50 किलोमीटरवर गांज्यापर्यंत जाणवते, पण खारेपणा ऋतूप्रमाणे पुढे-मागे सरकतो. रायबंदर, चोडण, कुंभारजुव्याच्या बाजूला निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचा तुकडा जास्त बरा. तो सांगाड्याला धातूने धातूला टेकलेला हवा आणि त्यावर रंग अजिबात नको. रंगाऱ्याने हौसेने रंगवलेले असे तुकडे मी दोनदा खरवडले आहेत.

चिखलात ऑक्सिजन नसतो म्हणून लोखंड सुरक्षित, असं वाटतं. पण काळ्या, कुजक्या अंड्यांचा वास येणाऱ्या चिखलातले जिवाणूच लोखंड खातात. तिथे बोल्ट नको म्हणजे नकोच.

खिळाच नको हा विचार आपल्याकडे नवा नाही म्हणा. नारळाच्या काथ्याने फळ्या शिवलेल्या होड्या कोकण-गोव्याने पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या. 2025 साली नौदलात दाखल झालेलं कौंडिण्य हे शिडाचं जहाज गोव्यात असंच शिवून बांधलं गेलं. धक्का काही काथ्याने शिवता येत नाही, पण पाण्याखाली जितका कमी धातू तितकं बरं.

दोन धातूंची सोयरीक

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की बॅटरीच तयार होते. त्यातला हलका (वजनाने नव्हे, चटकन झिजणारा) धातू झिजतो, दुसरा वाचतो. हलक्याकडून भारीकडे क्रम असा: जस्त, ॲल्युमिनियम, लोखंड, पितळ आणि ब्राँझ, स्टेनलेस. क्रमात जितकं लांब, तितकं भांडण मोठं.

खरी ग्यानबाची मेख आकारात आहे. मोठ्या स्टेनलेस पत्र्यात छोटा जीआय बोल्ट घातला, तर पूर्ण पत्र्याची भूक तो एकटा बोल्ट भागवतो आणि वर्षभरात नाहीसा होतो. उलट मोठ्या गॅल्व्हनाइज्ड चॅनेलमध्ये स्टेनलेसचा छोटा बोल्ट असेल, तर नुकसान मोठ्या क्षेत्रावर वाटलं जातं. बोल्टाभोवतीचं जस्त थोडं लवकर जातं इतकंच. म्हणून मिसळणं टळत नसेल, तर बोल्ट नेहमी भारी धातूचा ठेवा. ॲल्युमिनियमच्या तरंगत्या जेटीला 316 चे बोल्ट लावताना मध्ये नायलॉनची बुश आणि नायलॉनचा वायसर घाला, नाहीतर भोकाभोवती पांढरी पूड जमून भोकं मोठी होत जातात. नट, बोल्ट, वायसर तिन्ही एकाच धातूचे, हे तर गृहीतच. तरी दर दुसऱ्या कामात 316 च्या बोल्टाखाली चमकत्या जीआयचा वायसर सापडतोच, कारण कामाच्या मध्यात वायसर संपतात आणि पोऱ्या नाक्यावरच्या दुकानात धावतो.

तांब्याचा अर्क पाजून टिकाऊ केलेलं लाकूड वापरत असाल तर विजेचा पातळ मुलामा त्यात फार लवकर उडतो. तिथे बुडवलेला जाड मुलामा किंवा 316.

दुकानात तपासायचं कसं

डोक्यावरची अक्षरं वाचा. स्टेनलेसवर ए2-70 लिहिलं असेल तर ते 304 च्या जातीचं, ए4-70 किंवा ए4-80 म्हणजे 316 च्या जातीचं. 70 आणि 80 हे ताकदीचे आकडे, अनुक्रमे 700 आणि 800 मेगापास्कल. डोकं कोरं असेल तर घेऊ नका, दुकानदार कितीही शपथा घेवो.

चुंबकावर विश्वास टाकू नका. 202, 304 आणि 316 तिन्हींना चुंबक सहसा धरत नाही, आणि थंड स्थितीत ठोकून घडवलेला अस्सल 316 चा बोल्ट थोडा धरूही शकतो. मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या थेंबांची छोटी किट मिळते. बॅटरी जोडून थेंब टाकला की रंगावरून कळतं. मोठी खरेदी असेल तर ती घेऊन ठेवाच. मी एकदा अख्खी पेटी “316 च आहे” या शब्दावर उचलली होती. थेंबाने रंग बदलला नाही, तेव्हा बोल्ट लागून गेले होते.

मुलाम्याची परीक्षा मात्र घरी होते, आणि तिचं औषध आपल्या कुळागरांत पडलेलं असतं. सुपारीवर बोर्डो मिश्रण मारायला आणलेलं मोरचूद घ्या. प्लास्टिकच्या भांड्यात विरघळेल तेवढं विरघळवा. बोल्ट साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा, मिनिटभर विद्रावात बुडवा, काढा, पाण्याखाली चोळून काळी पूड धुवा आणि बघा. पुन्हा मिनिटभर बुडवा. जस्त असेपर्यंत पृष्ठभाग राखाडी राहतो. जस्त संपून लोखंड उघडं पडलं की त्यावर घट्ट चिकटलेला लालसर तांब्याचा थर दिसतो. विजेचा मुलामा पहिल्या-दुसऱ्या बुडवणीतच लाल होतो, बुडवलेला जाड मुलामा बऱ्याच बुडवण्या सोसतो. आयएस 2633 या भारतीय मानकात ही चाचणी नीट मोजमापांसह दिली आहे, आपली ही तिची घरगुती आवृत्ती. तपासलेला बोल्ट वापरायचा नाही. उरलेला विद्राव खाडीत ओतू नका, माशांना तो विष आहे.

गॅल्व्हनाइज्ड बोल्टाबरोबर त्याच्याच जोडीचा नट घ्या. जाड थरामुळे नटाचे आटे थोडे मोठे पाडलेले असतात. साधा नट त्यावर बसत नाही, आणि बसवायचाच म्हणून आटे पुन्हा पाडले तर पैसे दिलेलं जस्तच खरवडून निघतं. अतिताकदीचे, म्हणजे डोक्यावर 10.9 किंवा 12.9 हा ताकदीचा आकडा असलेले, बोल्ट मुलाम्यासाठी निवडू नका. प्रक्रियेत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. धक्क्याला 8.8 पुरतो.

बसवताना

लांबी मोजताना लाकडाची एकूण जाडी, दोन वायसर, नट आणि वर दोन-तीन आटे असा हिशेब करा. बोटभर जास्त ठेवलेलं टोक होडीचं आणि पोटरीचं कातडं सोलतं. वायसर मोठाच हवा. 16 च्या बोल्टाला 50 मिलिमीटरचा, 5-6 मिलिमीटर जाड चौकोनी तुकडा घाला, नाहीतर किंदळ असो की माट्टी, ओलं लाकूड दबून नट आत रुततो.

भोक बोल्टापेक्षा मिलिमीटरभर मोठं, गॅल्व्हनाइज्डसाठी दीड. बोल्ट घालण्याआधी भोकात पॉलियुरेथेन सीलंट भरा. जुने मेस्त (सुतार) काजूच्या टरफलाचं तेल किंवा डांबर ओतायचे, तेही वाईट नाही. मुद्दा इतकाच की बोल्टाभोवती खारं पाणी हिंडू नये. डोकं लाकडात बुडवायला खळगा पाडू नका. त्या वाटीत पाणी साचतं, आणि तीच तुमची फट.

स्टेनलेसचा नट इम्पॅक्ट गनने कधीही आवळू नका. आटे गरम होऊन एकमेकांना चिकटतात, मग पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, कापावाच लागतो. आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा आणि हाताने, सावकाश आवळा. ग्रॅफाइटचं वंगण नको, खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट स्टेनलेसलाही भारी पडतं. ज्या ब्रशने लोखंड घासलं तो स्टेनलेसला लावू नका, त्याचे कण रुतून गंजाचे ठिपके उठतात. माझ्या पेटीत स्टेनलेसच्या ब्रशच्या मुठीला निळी टेप आहे आणि ती कोणी काढलेली मला चालत नाही.

जुना धक्का चिऱ्याचा असेल तर फुगणारे अँकर टाळा, चिरा भुसभुशीत असतो, फुगवट्याने फुटतो. शक्य तिथे आरपार बोल्ट आणि मागे पट्टी, नसेल तर जाळीची नळी घालून रासायनिक अँकर, सळी 316 ची.

पहिल्या वर्षानंतर

तपासणीचे दिवस दोन. एक मे महिन्यात, उधाणाच्या ओहोटीला, कारण पाणी तेव्हा सर्वाधिक खारं असतं आणि खालचे बोल्ट उघडे पडतात. दुसरा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात, कारण लाकूड फुगून आक्रसलेलं असतं आणि नट सैल झालेले असतात. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत होड्या वर असतात म्हणून दुरुस्ती तेव्हा काढू असं अनेकांना वाटतं. गोव्याच्या पावसात ओल्या भोकात सीलंट धरत नाही, हे मी करून बघितलं आहे.

हातोडीने प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर टिचकी मारा. घट्ट बोल्ट टणक वाजतो, आत तुटलेला बद्द. तांबड्या ओघळांची नोंद वहीत ठेवा, बोल्टांना खांबाप्रमाणे क्रमांक द्या. आणि दर तिसऱ्या वर्षी शिंतोड्यांच्या पट्ट्यातला एक चांगला दिसणारा बोल्ट मुद्दाम पूर्ण बाहेर काढा. कॅलिपरने डोक्याजवळ मोजा, मग मधोमध, जिथे दोन लाकडं टेकतात तिथे मोजा. दोन्हींत दहावा हिस्सा फरक पडला असेल, तर त्या रांगेतले सगळे बोल्ट बदलायला काढा. काढलेला परत घालू नका. बांधकामाच्या वेळीच त्याच मापाचे चार जादा बोल्ट, नट-वायसरसकट, तेल लावून डब्यात ठेवून द्या, झाकणावर ग्रेड आणि वर्ष लिहून.